मुलाकतीत काय बोलायचं

हे लिहू की नको असं जवळपास दोन वर्षं चाललंय. दादाला विचारलं, वहिनीला विचारलं, आणि शेवटी चिऊलाही विचारलं कारण गोष्ट खरं तर तिची आहे. ती म्हणाली लिही आत्या, फक्त माझं शाळेतलं नाव टाकू नको. म्हणून इथे ती चिऊच.

मार्च २०२२ मध्ये माझ्या दादाला अटक झाली. कशात झाली ते लिहीत नाही, केस अजून उभी आहे. कुठल्या जेलमध्ये होता तेही नाही लिहीत. आम्ही कळव्याची माणसं, ठाण्यात जायचं म्हणजे पूल ओलांडला की कोर्ट नाक्याजवळ जेलची ती जुनी भिंत दिसतेच, लहानपणापासून बघतोय. मुळात तो किल्ला, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, नंतर इंग्रजांनी त्याचं जेल केलं. शाळेत असताना सरांनी सांगितलं होतं की पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटले आणि क्रांतिकारक अनंत कान्हेरेंना १९१० मध्ये इथेच फाशी दिलं. म्हणजे आमच्यासाठी जेल म्हणजे इतिहासातली एक भिंत होती. आपल्या घरातलं कुणी असल्या भिंतीच्या आत असू शकतं हे त्या मार्चपर्यंत डोक्यात कधी आलंच नव्हतं.

चिऊ तेव्हा साडेसहा वर्षांची, पहिलीत. तिला काय सांगायचं यावर घरात रात्री दोन वाजेपर्यंत बोलणं झालं आणि ठरलं काय, तर पप्पा बोटीवर नोकरीला गेलेत. आमच्या बिल्डिंगमध्ये एकजण खरोखर बोटीवर आहेत, सहा-सहा महिने नसतात, म्हणून ते सोपं वाटलं. मी स्वतः तिला गुगल मॅपवर समुद्र दाखवला. हे मी केलंय, आणि आज सुद्धा ते आठवलं की पोटात तुटतं.

साधारण दोन महिन्यांनी ती रात्री अंथरूण ओलं करायला लागली, जे तीन वर्षांची झाल्यापासून बंद होतं. डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे का काही, आम्ही म्हणालो नाही. मग एक दिवस मी तिची वेणी घालत होते आणि ती आरशात बघत एकदम हळू म्हणाली, आत्या, पप्पा बोटीवर नाहीयेत ना. शाळेच्या रिक्षात एका मुलाने तिला सांगितलं होतं, तुझा बाप जेलमध्ये आहे. कधी सांगितलं विचारलं तर म्हणाली, मे महिन्याच्या सुट्टीच्या आधी. म्हणजे कितीतरी आठवडे ती सगळं माहीत असून आमच्यासमोर बोटीची चित्रं काढत होती. का गं बोलली नाहीस? तर म्हणाली, आई रडते ना.

त्याच्या पुढचं वाक्य मला झोपू देत नव्हतं. तिने विचारलं, पप्पांचा चार्जर मी तोडला म्हणून का? अटकेच्या आदल्या दिवशी तिच्या हातून चार्जरची वायर तुटली होती आणि दादा तिला ओरडला होता. तेवढंच. पण दुसऱ्या दिवशी बाप घरातून गेला आणि कुणी काही बोलेना, तर सहा वर्षांच्या पोराने हिशोब जुळवायचा तो असाच जुळवणार ना.

पुढच्या तारखेला कोर्टाच्या आवारात एका समाजसेविका ताईंशी ओळख झाली. त्या कैद्यांच्या घरच्यांशी बोलायच्या, वकील नसेल तर कायदेशीर मदतीचा अर्ज कुठे करायचा वगैरे सांगायच्या. मी त्यांना चार्जरचं सांगितलं. त्यांनी मला बाकड्यावर बसवलं आणि शब्द न् शब्द सांगितला, घरी जाऊन असं बोला. पोलिसांनी पप्पांवर एक आरोप केलाय. खरं काय ते कोर्टात जजसाहेब ठरवणार. तोवर पप्पांना तिकडे राहावं लागणार, कधी येतील ते आम्हाला पण माहीत नाही. पप्पा ठीक आहेत, जेवतात, झोपतात. आणि तुझ्यामुळे यातलं काहीही झालेलं नाही. त्या म्हणाल्या हे शेवटचं एकदा सांगून पुरत नाही, दहा वेळा सांगावं लागेल, आणि "दोन महिन्यांत येतील" असलं खोटं वचन अजिबात द्यायचं नाही. वहिनीने त्याच रात्री सांगितलं. चिऊ ऐकून म्हणाली बरं, आणि झोपली. अंथरूण ओलं व्हायचं लगेच नाही थांबलं पण गणपतीपर्यंत थांबलं.

मग ती म्हणायला लागली मला पप्पांना भेटायचंय.

मुलाकत म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. सकाळी लवकर निघून नंबर लावायचा, आधार कार्ड दाखवायचं, मोबाइल बाहेर ठेवायचा, आणि मग बसून राहायचं. पुरुषांच्या जेलबाहेरच्या लाइनीत सगळ्या बायकाच. आई, बायको, बहीण, आणि त्यांच्या कडेवर नाहीतर बोटाला धरलेली पोरं. पोरांना तहान लागते, शू लागते, ती भांडतात, मार खातात. एवढं सगळं करून आत गेलं की मध्ये काच, कानाला इंटरकॉमचा फोन, खरखर आवाज, शेजारी सात-आठ जण एकदम ओरडून बोलतायत, आणि वेळ जेमतेम पंधरा-वीस मिनिटं.

त्या वीस मिनिटांत माझा दादा काय बोलायचा सांगते. जेवलीस का. अभ्यास करतेस ना. आईला त्रास देत नाहीस ना. शहाण्यासारखं वागायचं. बास. ती आपली हो, हो, नाही, हो. मग तिने फोन वहिनीकडे द्यायचा आणि खाली बसून चपलेच्या पट्ट्याशी खेळायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती म्हणाली मी नाही येणार, तिकडे बोर होतं. दादाला ते इतकं लागलं की म्हणाला तिला आणूच नका परत, हे बघून तिच्या मनावर परिणाम होतो. खरं तर परिणाम त्याच्या मनावर होत होता. वाईट बाप नव्हता तो, घरी असताना तिला खांद्यावर घेऊन खाडीवर जायचा, आंघोळ घालायचा. पण ते सगळं बापपण हातांनी केलेलं होतं. मध्ये काच आल्यावर फक्त तोंड उरलं, आणि तोंडाने बाप व्हायचं त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. आपल्याकडे किती बापांना येतं ते?

माझं म्हणणं आहे ते हेच. जेलमधल्या आईबापांना मुलांशी बोलायचं रीतसर शिकवलं पाहिजे, जसं तिथे सुतारकाम शिकवतात तसं. फालतू लाड म्हणून नाही, काम म्हणून.

त्या ताईंनी आणि त्यांच्याबरोबरच्या एकीने आत परवानगी काढून दहा-बारा जणांना घेऊन काही दिवस असं शिकवलं. दादा त्यात होता. नंतर त्याने मला सांगितलं ते असं. पहिल्या दिवशी कुणी बोलेना, एकजण तर उठून परत बराकीत निघून गेला, म्हणे आमची पोरं आम्हाला कळतात. मग ताईंनी एका साठीच्या काकांना चार वर्षांचा मुलगा बनवलं आणि एका तरुण पोराला बाप, मध्ये खुर्ची ठेवली काच म्हणून, आणि म्हणाल्या चला आता मुलाकत. पोराने सुरू केलं, जेवलास का, अभ्यास करतोस का. काका हो म्हणत म्हणत एकदम गप्प झाले आणि म्हणाले, अरे हा तर पोलिसासारखं विचारतोय. दादा म्हणतो तिथे सगळे हसले आणि मग कुणीच हसेना.

तिथे त्यांना एक साधी गोष्ट दिली. ज्याचं उत्तर हो किंवा नाही येतं असा प्रश्न विचारायचा नाही. आणि मागच्या वेळी पोर जे बोललं त्यातलं एक लक्षात ठेवून तिथूनच सुरुवात करायची. उपदेश शेवटी, आणि एकच. दादा बराकीत गेल्यावर वहीत लिहून ठेवायचा. पुढच्या मुलाकतीला कशीबशी समजूत घालून चिऊला नेलं, आणि त्याने विचारलं, मधल्या सुट्टीत तू कुणाशेजारी बसतेस? ती सुरूच झाली. कोण शेजारी बसतं, कोण तिचा डबा खातं, कुणाच्या डब्यात रोज मॅगी असते, कोण आता बोलत नाही आणि का. वीस मिनिटं संपली, वहिनीला फोन मिळालाच नाही. पुढच्या वेळी त्याने बरोबर तिथूनच उचललं, ती बोलत नव्हती ती आता बोलते का. चिऊचा चेहरा मी बघितलाय त्या वेळी. पप्पांना लक्षात आहे! त्यानंतर ती आठवडाभर गोष्टी साठवायला लागली, हे पप्पांना सांगायचं, ते पप्पांना सांगायचं, आणि विसरू नये म्हणून हातावर पेनाने लिहायची.

हे सगळं बघून मी घणसोलीपर्यंतच्या ट्रेनमध्ये रोज मोबाइलवर वाचायला लागले की बाकी ठिकाणी काय करतात. अमेरिकेत ओरेगन राज्यात पेरेंटिंग इनसाइड आउट नावाचा कोर्स आहे, अडीच-अडीच तासांचे छत्तीस वर्ग. मुलाला शाबासकी कशी द्यायची, न मारता नियम कसे लावायचे, ऐकायचं कसं, बाहेर मुलाला सांभाळणाऱ्या माणसाशी भांडण न करता कसं बोलायचं, आणि सगळं असंच नाटक करून करून. त्यांनी ३५९ आईबापांवर नीट अभ्यास केला, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून, २०१३ मध्ये छापून आलाय. ज्यांनी कोर्स केला त्यांच्यात सुटल्यानंतरच्या वर्षभरात परत अटक होण्याचं प्रमाण कमी निघालं. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या तुरुंगात २००३ मध्ये स्टोरीबुक डॅड्स सुरू झालं, त्यात कैदी मुलांसाठी झोपताना ऐकायची गोष्ट आपल्या आवाजात रेकॉर्ड करतात. ज्याला वाचता येत नाही त्याला दुसरा एकेक वाक्य सांगतो, तो मागून म्हणतो, आणि मग चुका, अडखळणं, मागचा दारांचा आवाज कापून काढतात, ते कापायचं काम सुद्धा शिकवलेले कैदीच करतात. हे वाचून मी ट्रेनमध्ये रडले. कारण आमची चिऊ दादाचा जुना व्हॉट्सॲप व्हॉइस मेसेज, "येताना दूध आणतो", एवढा पाच सेकंदांचा, झोपताना ऐकायची. आईचा मोबाइल घेऊन, उशीखाली.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही म्हणायचं मला. महाराष्ट्रात गळाभेट होते, येरवडा, नागपूर अशा जेलमध्ये कैद्यांच्या पोरांना आत नेऊन काच-जाळीशिवाय आईबापांना भेटवतात, फोटो पेपरात येतात, आणि ते फोटो बघवत नाहीत इतकी पोरं गळ्यात पडलेली असतात. आमच्या वाट्याला ती आली नाही. ई-मुलाकत आहे, व्हिडिओवर बोलता येतं, गावी असलेल्या आजी-आजोबांना ते फारच बरं. टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रयास प्रकल्प १९९० पासून मुंबईकडच्या जेलांमध्ये कैद्यांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करतोय. पण भेट करून देणं वेगळं आणि भेटीत काय करायचं ते शिकवणं वेगळं. मिठी सुटते, मग पुढे काय बोलायचं?

आयांचं तर आणखी अवघड आहे. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर जेलमध्ये राहू शकतं. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय केसमध्ये सांगितलंय की त्याला वेगळा आहार पाहिजे, पाळणाघर पाहिजे, आणि जेलमध्ये बाळंतपण झालं तर जन्मदाखल्यावर जन्माचं ठिकाण म्हणून जेल येता कामा नये. २०२२ च्या शेवटी देशभर १,५३७ बायका अशा होत्या, त्यांच्यासोबत १,७६४ पोरं. पण सहा वर्षं चोवीस तास एकत्र राहून मग एक दिवस त्याला बाहेर पाठवायचं, त्याची तयारी आईने कशी करायची, मुलाला कुठल्या शब्दांत सांगायचं? ताई म्हणायच्या की पुरुषांना भेटायला बायको येते, पण बाई आत गेली की तिच्या पोरांना घेऊन येणारं कुणी नसतं, सासरचे तर तिचं नावच टाकतात. अशा आईला मुलाकतीचं शिकवून काय उपयोग, तिला पत्र लिहायला शिकवायला हवं, फोनवरच्या पाच मिनिटांत काय बोलायचं ते शिकवायला हवं.

आणि ही १,७६४ म्हणजे फक्त आत असलेली. चिऊसारखी बाहेर असलेली पोरं किती? तो आकडा जेलच्या सरकारी रिपोर्टमध्ये नसतोच, कैद्याला जात, धर्म, शिक्षण विचारतात, पण मुलं किती आणि ती आत्ता कुणाकडे आहेत याचा कॉलम नाही. अमेरिकेत २०१६ चा सरकारी सर्व्हे आहे, ६ लाख ८४ हजारांवर कैदी आईबाप आणि त्यांची १४ लाख ७३ हजारांवर अल्पवयीन मुलं. निदान मोजलं तरी. मोजलंच नाही तर त्यांच्यासाठी काही करायचं कुणाच्या डोक्यात कसं येणार.

पण तिकडचा कोर्स जसाच्या तसा उचलून इकडे चालणार नाही असंही मला वाटतं. तिकडे शिक्षा झालेला माणूस असतो, त्याला आपली सुटायची तारीख माहीत असते. आपल्याकडे २०२२ च्या शेवटी ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ खटल्याचा निकाल न लागलेले, कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन. दादा त्यातलाच. त्याला उद्या जामीन मिळेल की तीन वर्षांनी, कुणालाच माहीत नव्हतं. अशा माणसाचे छत्तीस वर्गांतले किती बुडतील, आज कोर्टात पेशी आहे, उद्या न्यायला पोलीस नाहीत म्हणून पेशी रद्द, परवा बराक बदलली. म्हणून इकडे एकेक तासाचं काहीतरी पाहिजे जे त्या एका तासातच पूर्ण होईल, पुढच्याला आला नाही तरी हातात काहीतरी राहील. दादाला सगळं मिळून किती शिकवलं? दोन गोष्टी. तेवढ्यावर त्याने दोन वर्षं काढली.

आणि दुसरं, बाहेरच्या माणसालाही शिकवा. आत बाप कितीही शिकला तरी पोराला लाइनीत उभं करणारी आजी, आत्या, मामीच असते ना. आमची आई रागात चिऊसमोर म्हणायची, बापासारखीच निघणार ही. तिला कुणी सांगायचं? मला तरी कुठे माहीत होतं, मी समुद्र दाखवत बसले होते. पैशाचंही कुणी सांगत नाही. बालसंगोपन योजना आहे, ज्यांचे आईबाप जेलमध्ये आहेत त्या मुलांनाही त्यातून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. आम्हाला दीड वर्षाने कळलं, तेही लाइनीतल्या एका बाईकडून. एका ऑफिसात तर मला सांगितलं की असं काही नसतंच. नसतं कसं, आहे, विचारत राहा.

जुलै २०२४ मध्ये दादा जामिनावर सुटला. मला वाटलं संपलं सगळं. चिऊ तेव्हा चौथीत. पहिले दोन दिवस ती त्याला चिकटून होती आणि तिसऱ्या दिवशी तो म्हणाला मोबाइल ठेव, अभ्यासाला बस. ती उठलीच नाही. आईला विचारून सांगते म्हणाली. त्याचा आवाज चढला, ती खोलीत गेली आणि कडी लावली. दादा गॅलरीत जाऊन उभा राहिला, हात थरथरत होते त्याचे. सव्वादोन वर्षं घर वहिनीच्या नियमांवर चाललं होतं, टीव्ही किती वाजता, ट्युशन कधी, रागावलं तर काय, सगळं ठरलेलं, आणि त्यात त्याची जागाच नव्हती. मी त्याला म्हटलं, काकांनी काय सांगितलं होतं रे. पोलिसासारखं. तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने काय केलं, तर महिनाभर एकही नवा नियम काढला नाही. वहिनीचेच नियम विचारून घेतले आणि पाळले. रोज शाळेत सोडायला चालत जायचं, आणि वाटेत एकच प्रश्न, काल जे राहिलं होतं त्याच्या पुढचं. पहिले दोन आठवडे ती त्याच्या दोन पावलं पुढे चालायची, हा मागून दप्तर घेऊन. मग कधीतरी बरोबरीने चालायला लागली, नक्की कधी ते त्यालाही सांगता येत नाही.

केस चालू आहे. दर तारखेला घरात सकाळपासून कुणी मोठ्याने बोलत नाही. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकवलेलं आहे त्याच्यावर चिऊ स्वतःच्या अक्षरात लिहिते, एका चौकोनात "युनिट टेस्ट, गणित" आणि त्याच्या दोन घरं खाली "पप्पांची तारीख". मागच्या महिन्यात दोन्ही एकाच आठवड्यात आल्या. कोर्टातून दादा आला तेव्हा तिने दार उघडलं, चप्पल काढायच्या आधीच विचारलं, आज तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?

दादा तिथेच दारात बसला आणि सांगायला लागला.